पिशवी न घेता

मला सायकल चालवायला कारण लागत नाही. आमच्या घराला लागतं. सगळी भानगड तिथून सुरू झाली, म्हणून ते आधीच सांगून टाकते.

हुबळीच्या जुन्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान आहे. माझ्या आजेसासऱ्यांनी मिरजेकडून येऊन घातलेलं. आता ते थोरले दीर आणि आमचे हे दोघं मिळून बघतात. राहायला केशवापुरात, सगळे एकाच घरात: सासरे, म्हणजे अप्पा, दीर, थोरली जाऊ, जिला इथल्या रीतीनं मी अक्का म्हणते, हे, आणि मी. भांड्यांच्या धंद्यात एक नेम असतो. गिऱ्हाइकाला भांडं रिकामं द्यायचं नाही. लग्नाची कळशी असो नाही तर चहाचं पातेलं, आत चिमूटभर तांदूळ टाकायचे आणि मगच दुकानाची पायरी उतरू द्यायचं. घरी तर शेजारणीची वाटीसुद्धा अप्पा रिकामी परत जाऊ देत नाहीत. चांगलाच नेम आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्यांनी तो माणसांनाही लावला. घराबाहेर पडायचं तर कामासाठी, आणि परत येताना हातात काहीतरी हवंच. निदान कोथिंबिरीची जुडी.

आणि मी कशी? माझ्या पायाला भिंगरी. पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरतात, तरी एका जागी बूड टेकत नाही. दुपारी सगळे लवंडले की मी घरभर येरझारा घालते. फ्रिज उघडते, काय घ्यायला उघडला ते आठवत नाही, बंद करते. गच्चीवर जाऊन वाळवण बघते, ते मघाशीच बघून झालेलं असतं. अक्का डोळे मिटूनच ओरडते, "अगं बस की गं जरा! तुला बघून मला दम लागतो!" बघत तर नसते ती. पण मला ठाऊक आहे, खरं म्हणते.

मुलगी नोकरीला बेंगळुरूला गेली आणि तिची निळी सायकल घराशेजारच्या बोळात राहिली. बरेच महिने तिच्यावर पायपुसणी वाळत होती. एका सकाळी मी पायपुसणी काढून दोरीवर टाकली, चाकांत हवा भरून आणली आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. जाताना ब्रेक सोडला नाही. येताना हसत होते. एकटीच, तोंड उघडून, वेड्यासारखी. समोरच्या बाईंनी विचारलंसुद्धा, "काय हो, काही गोड बातमी?"

दुसऱ्या दिवशी केशवापूर सोडून कुसुगलच्या रस्त्याला लागले. तिकडे अपार्टमेंटं संपली की काळी रानं सुरू होतात. जोंधळा, हरभरा, कुठे मिरची. थोड्या अंतरावर एक उतार आहे. फार मोठा नाही. पण तिथे पायडल मारायचं थांबवलं की सायकल आपली आपण जाते, मागचं चाक करकर वाजतं, ओढणी उडते, आणि त्या तेवढ्या वेळात मी कुणाची काही नसते. बायको नाही, सून नाही, आई नाही. आंघोळीचं पाणी तापलं का, कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, काही डोक्यात येत नाही. डोकं गप्प होतं. माझं डोकं एरवी कधीच गप्प नसतं. त्या उतारासाठी मी जीव टाकते, दुसऱ्या कशासाठी नाही.

त्या रस्त्यावर सकाळी खरे सायकलवालेही असतात. हेल्मेट, काळा चष्मा, अंगाला चिकटलेले चकचकीत कपडे. एकदा त्यातल्या एकानं माझ्याबरोबरीनं येऊन विचारलं, "आंटी, रोज किती किलोमीटर? ॲव्हरेज काय पडतं?" मी म्हटलं, "बाबा, शेळी आडवी आली की मी उतरते. शेळी गेली की पुन्हा बसते. काय पडेल ते पडू दे." तो बिचारा मान हलवून पुढे गेला. इथल्या साध्या माणसांचं बरं. गल्लीच्या कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला कानडीत विचारतो, "एल्ली होंट्री अक्का?" कुठे निघालात ताई, असं. मी म्हणते, "सुम्ने." म्हणजे सहजच, काही काम नाही. तो "हां हां" म्हणून इस्त्री फिरवतो. त्याचं समाधान होतं.

घरी कुणाचं होईल! अप्पा सकाळी व्हरांड्यातल्या बाकावर पेपर घेऊन बसतात. निघणाऱ्याला 'कुठे' म्हणून विचारायचं नाही, अपशकुन होतो, म्हणून ते विचारतात, "लांबवर का पोरी?" मी म्हणाले, "नाही अप्पा, जरा सायकलवर फिरून येते."

"काय काम काढलं?"

"काही नाही."

"डॉक्टरांनी सांगितलंय? वजनाचं काही?"

हो म्हटलं असतं तर सुटले असते. वजनासाठी माणूस काहीही करू शकतं, घर आडवं येत नाही. पण माझा स्वभाव मेला वाकडा. मी म्हटलं, "वजन आहे तेवढं बरं आहे. मला आवडतं म्हणून जाते." अप्पांनी पेपरातून माझ्याकडे अशी नजर टाकली की मी आत जाऊन भाजीची पिशवी आणली आणि हँडलला लावली. त्यांचा चेहरा लगेच निवळला. म्हणाले, "मग येताना कोथिंबीर आण."

बस्स. पिशवी लागली आणि माझी सायकल नोकरीला लागली. आधी कोथिंबीर. मग अक्काला देवाची फुलं. मग अप्पांच्या गोळ्या. मग ह्यांनी कमरीपेठेतल्या शिंप्याकडचे पायजमे आणायला सांगितले, "तू जातेच आहेस तर." तू जातेच आहेस तर! ह्या चार शब्दांनी माझा उतार गिळला. हळूहळू शेजारणींना सुगावा लागला. एकीला दळण, एकीला मुलाच्या वहीची कव्हरं. ह्यांनी तर कहर केला, तारिहाळच्या कारखान्यातून कुकरच्या शिट्ट्यांचं खोकं घेऊन ये म्हणाले. मी म्हटलं, "अहो, टेम्पो आहे का मी?" त्यावर सगळे हसले. मीही हसले, आणि खोकं घेऊन आले. गावाचं दुसरं टोक ते. त्या आठवड्यात एकदाही कुसुगलला जायला जमलं नाही आणि मी घरात भांड्यांवर भांडी आदळत होते. कुणाला पत्ता नाही का आदळते.

आता माझ्या पहिल्या सायकलचं सांगायला हवं. मी बेळगावची. कॉलेजात गेले तेव्हा बाबांनी मला लेडीज सायकल घेतली होती, मरून रंगाची, पुढे तारेची टोपली. माझ्याइतकीच ती बाबांची लाडकी. रविवारी स्वतः पुसायचे, तेल द्यायचे. लग्न होऊन मी हुबळीला आले आणि पंधरवड्यानं बाबांनी ती माझ्यामागे धाडली. त्यांचा एक बालमित्र होता, ट्रान्सपोर्टवाला. त्याचा ट्रक आमच्या दुकानाचा माल घेऊन इकडे येतच होता, त्यात ठेवून दिली. मित्राचाच ट्रक, म्हणून पावती नाही, काही नाही. सायकल आलीच नाही. मित्र म्हणाला, माझ्या ड्रायव्हरनं दुकानात उतरवून दिली, शपथ घेतो. अप्पा म्हणाले, आमच्याकडे पोचली नाही. आता मुलीचा बाप काय करणार? व्याह्यांचा शब्द खोटा कसा मानणार? बाबांनी मित्राला खोटं मानलं. लंगोटीयार दोघं, संध्याकाळी एका पायरीवर बसून पान खाणारे. बोलणं तुटलं ते तुटलंच. बाबा जाईपर्यंत तुटलेलं. आजारपणातसुद्धा मला म्हणाले होते, "तुझी सायकल मी नीट धाडायला हवी होती गं." मी म्हटलं, "बाबा, सोडा हो, सायकलीचं काय एवढं." पण मला वाईट वाटायचं, फार वाटायचं. सायकलीचं नाही, त्या पायरीचं.

तर, त्या दिवशी. थंडीचे दिवस, लख्ख सकाळ. मी फाटकाशी उभी, आणि चौघांनी चार कामं सांगितली. गोळ्या, फुलं, दळण, आणि इस्त्रीवाल्याला तीन शर्ट देऊन जुने दोन आण. मी पिशवी लावली, मोबाईल तिच्यातच टाकला, शर्ट मागे बांधायला घेतले, आणि एकाएकी मला संताप आला. कशावर म्हणाल तर कशावरच नाही. नुसतं वाटलं, आज नाही. आज मेले तरी नाही. मी शर्ट कट्ट्यावर ठेवले, पिशवी काढून फाटकाच्या कडीला अडकवली आणि निघाले. अप्पा आत दाढी करत होते. कुणी पाहिलं नाही.

कुसुगलला न जाता मी धारवाडच्या रस्त्याला वळले, कारण त्या रस्त्यावर सांगण्यासारखं कुठलंच काम नव्हतं. उणकलचं तळं मागे टाकलं. बसच्या वेगळ्या रस्त्यावरून मोठाल्या गाड्या सूं सूं जात होत्या, मी आपली कडेनं. नवनगरचा नाका ओलांडला. हँडल इतकं हलकं लागत होतं की मी दोन-तीनदा खाली बघितलं. मग गायला लागले. येतं थोडंच, पण गायले, अंगाईपासून आरतीपर्यंत जे आठवेल ते. रायापूरच्या अलीकडे एका झाडाखाली थांबले, नळाचं पाणी प्यायले, आणि कठड्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्यांना बघत राहिले. मी बसले! चक्क बसले होते, आणि पाय हलत नव्हते. अक्कानं पाहायला हवं होतं.

एका बसमधून अक्काच्या आतेभावानं पाहिलं. त्यानं तिथूनच दुकानात फोन लावला. काय सांगितलं ते मला नंतर कळलं. तुमची धाकटी एकटीच सायकलवर धारवाडच्या दिशेनं चालली आहे. हातात पिशवी नाही. आणि गातेय.

इकडे अक्काला फाटकावर पिशवी सापडली होती, आत माझा मोबाईल वाजतोय. सगळ्यांनी जे जोडायचं ते जोडलं. धारवाडच्या पुढे काय? बेळगाव. बेळगावला काय? हिचं माहेर. धाकटी सून रुसून, पिशवी फाटकाला टांगून, सायकलवर बेळगावला निघाली! हुबळी ते बेळगाव, ह्या गुडघ्यांवर! मी फिरायला गेले असेन असं एकाच्याही डोक्यात आलं नाही. कसं येणार, बाई रिकाम्या हातानं घर सोडते ती एकाच वेळी, रुसून माहेरी जाताना.

हे स्कूटरवरून आले तेव्हा मी कठड्यावर पाय पसरून बसले होते. स्कूटर धड स्टँडला न लावताच धावत आले. चेहरा पांढरा फटक.

"अगं, काय झालं?"

"कुठे काय?"

"नाही, तू सांग. काय ते आताच सांग. पुतणीच्या मुलाच्या बारशाचंच ना? तुझ्या भावाला पहिल्या पंगतीला बसवायचं राहिलं, ते मला तेव्हाच खटकलं होतं. चुकलं माझं."

मला त्या पंगतीचं आठवतही नव्हतं. भाऊ दुसऱ्या पंगतीला बसून चार जिलब्या जास्त खाऊन गेला होता. मी म्हटलं, "अहो, मी नुसती फिरायला आलेय."

"असं कसं नुसती?"

"असंच. मजा म्हणून."

मी रागावले आहे हे त्यांना परवडलं असतं, त्यावर उपाय असतो. मजेवर उपाय काय करणार? मला हसू आलं, म्हणून मी हसले, तर ते जास्तच घाबरले. परतीला मी सायकलवर पुढे आणि हे स्कूटरवर मागे, पहिल्या गिअरमध्ये, अशी आमची वरात घरी आली.

घरी दिवाणखान्यात सगळे जमलेले. दीर दुकान गड्यावर टाकून आले होते, म्हणजे प्रकरण मोठंच. मी चपला काढतेय तोच अक्का हुंदके देत अंगावर आली. "बाई गं, ते लिंबाचं लोणचं तू घातलेलं, आणि मी सगळ्यांना माझं म्हणून सांगितलं! एका लोणच्यापायी घर सोडून निघालीस?" खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही खोटं नाही. मला एकीकडे इतकी गंमत वाटत होती, आणि एकीकडे चीड येत होती. किती वेळा सांगू? मी आवाज चढवला. "कुणी काही केलेलं नाही! मला सायकल चालवायची होती! बस्स!"

तेव्हा अप्पा बोलले. खुर्चीत बसले होते, अर्धी दाढी राहिलेली, कानापाशी साबण वाळलेला.

"तेच," ते म्हणाले. "सायकल. कुणी सांगितलं तुला? दुकानातल्या त्या जुन्या गड्यानं?"

मी म्हटलं, "काय सांगितलं?"

अप्पांनी मान वर केली नाही. "सायकलवरनंच निघालीस, बेळगावला. तेव्हाच ओळखलं मी. कळलं हिला. आली होती गं ती सायकल. मालाबरोबर दुकानात उतरली होती. मीच म्हटलं, पोचली नाही."

अक्काचा हुंदकासुद्धा थांबला.

"नवी सून बाजारातनं सायकल मारत जाईल, लोक काय म्हणतील, असं आलं मनात. परत धाडली असती तर तुझ्या वडलांना वाईट वाटलं असतं. मग गड्याला म्हटलं, हिरवा रंग मार, मागं मोठं कॅरिअर बसव. दुकानाला झाली."

दुकानाची हिरवी सायकल! मी ती कितीतरी वर्षं पाहिली होती. दुकानाच्या पायरीशी टेकलेली असायची. कॅरिअरवर पातेल्यांच्या उतरंडी बांधून गडी ती गावभर हाकायचा. लेडीज होती. धोतर नेसणाऱ्या गड्याला चढायला बरी म्हणून घेतली असेल, असं मीच मनाशी म्हटलं होतं. एकदा डबा द्यायला गेले होते तेव्हा तिच्या सीटवर हात ठेवून मी म्हणाले होते, "माझीही अश्शीच होती." अप्पा गल्ल्यावर बसून चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं झालं होतं माझं. भांडीवाल्यांच्या घरात, बघा.

"कुठे आहे ती?" मी विचारलं.

"मोडीत गेली. फ्रेमच तुटली, ओझ्यानं."

मी किंचाळले. खोटं कशाला सांगू, घरात इतका आवाज मी कधी काढला नव्हता. सायकलीचं एक शब्द बोलले नाही. मी बाबांचं बोलले. ती पायरी, तो मित्र, ते शेवटचं आजारपण. "तुमच्या शब्दासाठी माझ्या बाबांनी त्यांचा माणूस तोडला, अप्पा! तुम्ही गप्प बसलात! बाबांच्या बाराव्याला आलात, जेवलात, आणि गप्प बसलात!" हे मध्ये पडायला लागले, त्यांना मी हातानंच बाजूला केलं. मोबाईल पिशवीतून काढला, आईला लावला, आवाज मोठा ठेवला आणि अप्पांच्या हातात दिला. म्हटलं, "मला नका सांगू. तिला सांगा."

सांगितलं त्यांनी. हे कबूल करायला हवं, एक शब्द गाळला नाही. सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "वहिनी, माझं चुकलं."

पलीकडून आईचा आवाज आला, अगदी साधा, ती भाजीचं विचारते तसा. "आता हे मी ह्यांना कुठे जाऊन सांगू?"

त्यानंतर सगळे माझ्याशी जपून वागायला लागले. अक्कानं सायकल पुसून लख्ख केली. ह्यांनी चेनला तेल दिलं. मला कुणी एक काम सांगेना, जो तो म्हणे, "जा की, फिरून ये की." ज्या मोकळ्या फेरीसाठी मी इतके दिवस धुमसत होते ती आता ताटात वाढून समोर आली. मी गेले कुसुगलला. उतार आला. पाय थांबवले. आणि डोक्यात ट्रक, पायरी, हिरवा रंग, आईचा आवाज, सगळं एकदम बोलायला लागलं. चाक करकरत होतं, पण मला ऐकू येईना. मी उतरून सायकल हातात धरून परत आले. दुसऱ्या दिवशी तेच. मग जायचं सोडलं. पुन्हा घरभर येरझारा, पुन्हा फ्रिज. दादराच्या पायरीवर बसायचे, उठायचे. अप्पांच्या समोरून जाताना पाय आपटायचे, त्यांच्या पुढ्यात चहा ठेवायचे तो आवाज करून. ते कपाला हात लावायचे नाहीत, मी आत जाईपर्यंत. बोलणं नाही.

असंच एका सकाळी कणीक मळत होते. अप्पा बाहेर खोकले. मला वाटलं, हा माणूस पहिली सायकल घेऊन गेला. आणि मी ही दुसरी स्वतःच्या हातानं त्यांना नेऊन देतेय? का म्हणून? मग पुन्हा बोळात उभी राहणार ती, अंगावर पायपुसणी वाळत! मी कणीक तशीच टाकून हात धुतले, ओढणी बांधली आणि सायकल बाहेर काढली.

अप्पा बाकावर होते. पेपर हातात, पण उघडलेला नव्हता. बऱ्याच दिवसांनी त्यांनी तोंड उघडलं. "लांबवर का?"

"माहीत नाही," मी म्हटलं. मग सायकल भिंतीला टेकवून त्यांच्यासमोर उभी राहिले. "अप्पा, मी तुम्हाला माफ केलेलं नाही."

"ठाऊक आहे."

"मला अजून पुष्कळ भांडायचंय तुमच्याशी."

"भांड की."

"पण सायकलवर नाही भांडणार. एक नेलीत तुम्ही, ही देणार नाही. राग इथं ठेवून जाते, तुमच्यापाशी. आल्यावर परत घेईन."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. म्हातारे झालेत ते, डोळ्यांच्या कडा सदा ओल्या असतात, रडतायत की वय आहे ते कळत नाही. त्यांनी बाकावर शेजारच्या जागेवरून हात फिरवला, धूळ झटकावी तसा. "ठेव," म्हणाले. "मी इथंच आहे."

मी गेले. कोपऱ्यावर इस्त्रीवाल्यानं विचारलं, मी "सुम्ने" म्हटलं. कुसुगलच्या रस्त्याला हरभरा काढायला बायका लागल्या होत्या. उताराच्या तोंडाशी उतरूनच जावं असं आलं मनात. पण पाय सोडले. करकर सुरू झाली. बाबा आठवले, पण ट्रकपाशी उभे असलेले नाहीत. रविवारी अंगणात बसून चाक गरगर फिरवणारे, आणि ते फिरताना बघून स्वतःशीच खूश होणारे. कशाला फिरवायचे? तेल तर देऊन झालेलं असायचं. मी मोठ्यानं हसले, रडले पण, आणि सायकल खाली गेली.

परत आले तेव्हा अप्पा तिथंच होते. अर्धी दाढी नव्हे, नीट केलेली. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. हातांत काही नव्हतं. ते बाकावर थोडे सरकले, मी शेजारी बसले, आणि आम्ही भांडायला सुरुवात केली.